वाटेवरचे चाकण

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून मावळे ओलांडीत खाली येणाऱ्या नद्यांमध्ये भामेचे नाव कोणी फारसे घेत नाही. खेड तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत तिचा उगम होतो, आणि भाताची खाचरे, मग बाजरी-ज्वारीची शेते असे करीत ती भीमेला मिळते. तिच्या दक्षिणेस इंद्रायणी वाहते, जिच्या काठी देहू आणि आळंदी वसल्यामुळे तिला महाराष्ट्रात तीर्थाची प्रतिष्ठा लाभली. या दोन नद्यांच्या खोऱ्यांमध्ये, पुण्याच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरवर, माळरानाच्या सपाटीवर चाकण वसले आहे. आधाराला उंच डोंगर नाही, कडा नाही, घनदाट अरण्यही नाही. तरीही साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ दख्खनच्या राजकारणात या गावाचे नाव पुनःपुन्हा उच्चारले गेले, आणि प्रत्येक वेळी त्यामागे एकच कारण होते. जुन्नरहून पुण्याकडे येणारी वाट आणि घाटमाथ्यावरून तळेगावमार्गे पूर्वेच्या मैदानात उतरणारी वाट या दोन्ही येथे एकमेकींना छेदतात. ज्याला पुणे प्रांतावर हुकमत चालवावयाची होती, त्याला चाकण आपल्या हाती असल्यावाचून स्वस्थता लाभत नसे.

गावाचे प्राचीनत्व किल्ल्याहून जुने आहे. चक्रेश्वराच्या मंदिराच्या परिसरातील भग्न वराहमूर्ती पाहिली, म्हणजे मुसलमानी सत्ता दक्षिणेत येण्यापूर्वीच येथे देवालये उभारणारी आणि शिल्पकारांना आश्रय देणारी नांदती वस्ती असली पाहिजे, याविषयी शंका उरत नाही. दशरथाच्या रथाचे चाक येथे निखळून पडले, अशी आख्यायिका गावात सांगतात. तिला इतिहासाचे प्रमाण नसले, तरी जाण्यायेण्याच्या वाटेवरील गावाने आपल्या उत्पत्तीची कथाही एका रथाच्या प्रवासातच शोधावी, यात लोकस्मृतीचे काही शहाणपण आहे.

लिखित इतिहासात चाकण प्रथम ठळकपणे अवतरते ते बहमनी काळात, आणि ते अवतरणे रक्तरंजित आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यास सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशहा याने कोकणातील स्वतंत्र वृत्तीच्या राजांना नमविण्यासाठी मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन बसरी या सरदारास मोठ्या फौजेनिशी पाठविले. हा सरदार परदेशी, म्हणजे इराण-इराकाकडून आलेल्या ‘आफाकी’ पक्षाचा होता; दरबारातील दख्खनी सरदारांचे आणि या परदेशीयांचे हाडवैर प्रसिद्धच होते. त्याने चाकण हे आपले मुख्य ठाणे केले आणि तेथून घाटाखाली चढाई चालविली. शिर्के घराण्यातील एका राजाने शरण आल्याचे नाटक करून त्याला खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, निबिड अरण्यात नेले आणि तेथे त्याचा व त्याच्या सैन्याच्या मोठ्या भागाचा अंत झाला.

जे वाचले, ते परदेशी सैनिक चाकणच्या आश्रयास आले. मोहिमेत मागे राहिलेल्या दख्खनी सरदारांनी मात्र सुलतानास असे लिहून कळविले की, हे लोक कोकणातील राजांशी संगनमत करून बंडाच्या बेतात आहेत. सुलतानाने शहानिशा न करता त्यांच्या पारिपत्याची आज्ञा दिली. इतिहासकार फेरिश्त्याने दिलेल्या हकीकतीनुसार चाकणला सुमारे दोन महिने वेढा पडला. तो मोडत नाही असे दिसताच सुलतानाने क्षमा केल्याचा बनावट कौल दाखवून आतल्यांना बाहेर बोलाविण्यात आले, मेजवानी मांडण्यात आली आणि पानावर बसलेल्या पाहुण्यांची कत्तल झाली. कासिम बेग नावाचा एक सावध सरदार तेवढा आपल्या तुकडीसह निसटला, बीदरला पोहोचला आणि त्याने सुलतानापुढे सत्य मांडले. दोषींना शासन झाले. परंतु बहमनी राज्याच्या अंगी भिनलेले ते दुहीचे विष उतरले नाही आणि पुढे त्याच विषाने ते राज्य फुटले. त्या फुटीचा एक घाव चाकणच्या वेशीत बसला होता. ज्या गावाचा कोकणच्या राजांशी वा बीदरच्या दरबारी हेव्यादाव्यांशी कसलाही संबंध नव्हता, त्या गावाच्या भूमीवर परक्यांनी परक्यांचे गळे कापले.

बहमनी सत्तेचे तुकडे पडू लागले, तेव्हा जुन्नरला तळ देऊन बसलेल्या मलिक अहमदाने, म्हणजे पुढे अहमदनगर वसविणाऱ्या पहिल्या निजामशहाने, आपल्या स्वातंत्र्याची पायाभरणी करताना चाकणकडे दृष्टी वळविली. तेथला अंमलदार जैनुद्दीन त्याला वश होईना; अखेर मलिक अहमदाने चाकणवर चाल केली, जैनुद्दीन किल्ला लढविताना पडला, आणि चाकण निजामशाहीत सामील झाले. पुढे परंपरेप्रमाणे मालोजीराजे भोसले यांस शिवनेरी व चाकण हे किल्ले आणि पुणे व सुपे हे परगणे जहागिरीत मिळाले, आणि चाकणचा धागा भोसले घराण्याशी जोडला गेला. दप्तरांतून आढळणारे ‘तर्फ चाकण’ हे नाव एवढे सांगते की, हा कसबा केवळ लष्करी ठाणे नव्हता. आसपासच्या गावांचा वसूल, न्यायनिवाडा आणि बाजार यांचे ते केंद्र होते. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन अशी वतनदारांची उतरंड येथेही होती. सुलतान बदलले, तरी जमिनीची मोजणी आणि सरकारी देण्याचा तगादा ज्यांच्या हातून होई ती घराणी बहुधा तीच राहत.

शिवाजीमहाराजांनी मावळात आपले कार्य आरंभिले, तेव्हा चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळा यांच्या ताब्यात होता. सुमारे १६४७ मध्ये फिरंगोजी महाराजांना येऊन मिळाले. महाराजांनी त्यांना किल्लेदारीवर कायम केले आणि शेजारच्या मुलखाचा कारभारही त्यांच्याकडे सोपविला. स्वराज्याच्या उत्तर सरहद्दीचे हे ठाणे. पलीकडे जुन्नर आणि अहमदनगर. त्यामुळे औरंगजेबाने आपला मामा शाइस्ताखान याला दक्षिणेत धाडले, तेव्हा पहिला मोठा तडाखा चाकणलाच बसणार हे विधिलिखितासारखे ठरून गेले होते.

शाइस्ताखान मे १६६० मध्ये पुण्यात दाखल झाला. त्याची फौज अफाट होती, आणि अफाट फौजेला रोज दाणावैरण लागते. ती अहमदनगरच्या बाजूने आणावयाची, तर चाकण शत्रूकडे ठेवून भागणार नव्हते. पावसाळा तोंडावर असताही त्याने पुणे सोडले आणि २१ जून १६६० रोजी चाकणला वेढा घातला. त्या घटकेला महाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. १२ जुलैच्या रात्री ते निसटले आणि १३ जुलैला घोडखिंडीत बाजीप्रभूंनी देह ठेवला, ही कथा प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. त्याच दिवसांत, त्याच पावसात, दोनशे किलोमीटर उत्तरेस आणखी एक किल्ला झुंजत होता, ही गोष्ट मात्र तितकी कोणाच्या ध्यानी राहत नाही. स्वराज्यावर त्या वर्षी दोन सत्तांनी दोन दिशांनी हत्यार उचलले होते, आणि या दुसऱ्या रणांगणावर कुमक पाठविणे कोणालाही शक्य नव्हते. फिरंगोजींना हे माहीत होते. किल्ल्यातील शिबंदी काही शेकड्यांच्या पलीकडे नव्हती. तरीही त्यांनी दरवाजे लावून घेतले.

किल्ला होता तरी कसा? इंग्रजी अमदानीतील वर्णनांवरून त्याचे स्वरूप चांगले कळते. भुईकोट, जवळजवळ चौरस, कोपऱ्यांवर बुरूज. तट भक्कम, सभोवती सुमारे ३० फूट रुंद आणि १५ फूट खोल असा खंदक. प्रवेश एकटा पूर्वेकडून आणि तोही एकामागून एक पाच-सहा दरवाजे ओलांडून. सपाट भूमीवरील किल्ल्याचे संरक्षण निसर्ग करीत नाही. ते दगड, माती, पाणी आणि माणसे यांनाच करावे लागते. खानाने चारी बाजूंना मोर्चे वाटून दिले, तोफांसाठी उंच दमदमे उभारले आणि आपला स्वतःचा मोर्चा उत्तरेस ठेवला. पाऊस धो धो पडत होता. खोदलेले मोर्चे पाण्याने भरत होते, दारू ओली होत होती. आणि तटावरून मराठ्यांचा बंदुकांचा व तोफांचा मारा थांबत नव्हता. रात्री किल्ल्यातून तुकड्या बाहेर पडून मोर्च्यांवर छापे घालीत. आषाढ गेला, श्रावण लागला, तरी किल्ला उभा होता.

तोफांनी काम होत नाही असे पाहून मोगलांनी सुरुंगाचा मार्ग धरला. खानाच्या मोर्च्यापासून ईशान्येच्या बुरुजाखालपर्यंत भूमिगत वाट खणण्यात आली. १४ ऑगस्ट १६६० रोजी दुपारी सुरुंगाला बत्ती दिली गेली; बुरूज त्यावरील शिपायांसकट आकाशात उडाला आणि त्या खिंडारातून मोगल आत घुसले. परंतु खिंडारामागे त्यांना दुसरा तट आढळला. शत्रू सुरुंग खणतो आहे याची अटकळ बांधून, बुरूज पडल्यास त्यामागे झुंजता यावे म्हणून, मराठ्यांनी मातीचा उंच बांध आधीच उभारून ठेवला होता. त्या बांधावरून दारूचे गोळे, बाण आणि दगडधोंडे यांचा असा वर्षाव झाला, की सायंकाळपर्यंत मोगलांना पाऊल पुढे टाकता आले नाही. त्यांनी ती रात्र तेथेच, प्रेतांच्या आणि जखमींच्या सोबतीने, पडलेल्या बुरुजाच्या ढिगाऱ्यात काढली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, पुन्हा हल्ला झाला आणि बाहेरचा कोट हातचा गेला. उरलेले लोक आतल्या बालेकिल्ल्यात सरले, आणि अखेर मोगल फौजेतील राव भाऊसिंह हाडा याच्या मध्यस्थीने फिरंगोजींनी किल्ला खाली करून दिला. मोगलांच्या बाजूस २६८ ठार आणि ६०० जखमी झाल्याची नोंद आहे. एका सपाट भूमीवरच्या ठाण्यासाठी दिल्लीपतीच्या मामाला ५६ दिवस आणि एवढी माणसे खर्ची घालावी लागली.

फिरंगोजींच्या शौर्याने खान प्रभावित झाला आणि त्याने त्यांना बादशाही चाकरीचे आमिष दाखविले. त्यांनी ते नाकारून महाराजांकडे प्रयाण केले, आणि महाराजांनी हरलेल्या किल्लेदाराचा सन्मान करून पुढे भूपाळगडाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. पराजित सेवकाविषयीची ही वृत्ती त्या काळच्या दरबारांत दुर्मीळ होती. बीदरच्या सुलतानाने संशयावरून माणसे मारविली, त्याच चाकणच्या संदर्भात महाराजांनी किल्ला गमावून आलेल्या माणसावर दुसरा किल्ला विश्वासाने सोपविला. दोन राज्यपद्धतींमधील अंतर या दोन प्रसंगांत स्पष्ट दिसते. चाकणच्या वेढ्याचे आणखीही एक फळ होते. एका भुईकोटाने एवढी किंमत घेतली, तर राजगड-सिंहगडासारखे गिरिदुर्ग किती घेतील, या विचाराने खानाने किल्ले घेण्याचा नाद बहुतांशी सोडला आणि तो पुण्यात लाल महालात जाऊन राहिला. तेथे ५ एप्रिल १६६३ च्या रात्री त्याच्यावर काय प्रसंग ओढवला, ते सर्वश्रुत आहे. बादशहाने चाकणचे नाव ‘इस्लामाबाद’ ठेवले. काही काळ कागदोपत्री ते चालले. परंतु शेतकऱ्याच्या आणि वाटसरूच्या तोंडी ते कधीच बसले नाही.

ज्या शतकात चाकणचा तट सुरुंगाने फुटला, त्याच शतकात या गावाने महाराष्ट्राला एक असे दान दिले, की त्यापुढे किल्ल्याची कीर्तीही थोडी वाटावी. तेलाचा घाणा चालविणाऱ्या जगनाडे कुटुंबातील संताजी हे चाकणचे. कीर्तनाच्या निमित्ताने त्यांची तुकोबारायांशी भेट झाली आणि ते त्यांचे टाळकरी, सांगाती आणि लेखक झाले. तुकोबांच्या मुखातून निघालेले अभंग त्यांनी वह्यांत उतरवून ठेवले. संताजींची समाधी सुदुंबऱ्यास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांच्या आधारे गाथा प्रसिद्ध केली, तेव्हा तुकोबांच्या मूळ पाठाच्या अभ्यासाला एक नवा आधार मिळाला. सुभेदार, किल्लेदार आणि सरदार यांनी चाकणातून जे काही वसूल केले, ते त्यांच्याबरोबर संपले. एका तेल्याने कष्टाच्या कामातून वेळ काढून जे लिहिले, ते आजही घरोघरी वाचले जाते. या कसब्याच्या इतिहासात चाकणच्या माणसाने स्वतःच्या इच्छेने केलेले एवढे मोठे कार्य मला दुसरे दिसत नाही.

पुढील दशकांत चाकण कधी मोगलांकडे, कधी मराठ्यांकडे असे हिंदकळत राहिले. १७०७ च्या ऑक्टोबरात शाहू महाराज आणि ताराबाईंचे सैन्य यांची गाठ जवळच खेडला पडली आणि धनाजी जाधव शाहूंच्या पक्षास मिळाल्याने मराठी राज्याचे भवितव्य बदलले. पेशवाईत पुणे राजधानीसारखे झाले, तेव्हा सरहद्द दूर गेली आणि चाकणचे लष्करी महत्त्व ओसरले. १८१८ मध्ये इंग्रज फौजेने किल्ला घेतला, आणि त्यानंतर त्याच्या तटाची कोणाला गरज उरली नाही.

ज्या वाटांमुळे चाकण मोठे झाले, त्यांवरही लवकरच संकट आले. १८५८ मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत लोहमार्ग खुला झाला. तो पवनेच्या अंगाने तळेगाव, चिंचवड करीत गेला आणि चाकण बाजूला राहिले. युरोपातही अशी उदाहरणे आढळतात. इटलीच्या पश्चिम आल्प्समधील सूसा हे छोटे नगर दोन घाटांच्या तोंडाशी बसलेले. ऑगस्टस बादशहाच्या नावाची कमान तेथे दोन हजार वर्षे उभी आहे आणि रोमन सैन्यापासून नेपोलियनपर्यंत अनेकांच्या वाटा त्या खोऱ्यातून गेल्या. १८७१ मध्ये डोंगरातून बोगदा निघाला, मुख्य लोहमार्ग दुसऱ्या फाट्याने गेला आणि सूसा एका आडफाट्यावरचे स्थानक होऊन राहिले. वाटेवर जगणाऱ्या नगरांचे दैव वाटेबरोबर फिरते. चाकणने मात्र आपला बाजार सोडला नाही. चाकण ते तळेगाव या रस्त्याने बैलगाड्या स्टेशनापर्यंत माल नेऊ लागल्या, आणि किल्ल्याची कीर्ती मावळली तरी शेतमालाची पेठ टिकली.

ही पेठ आजही चाकणचा श्वास आहे. खेड बाजार समितीच्या चाकण येथील आवारात कांद्या-बटाट्याच्या गोण्यांच्या थप्प्या लागतात. शनिवारी बाजार भरतो, तेव्हा दावणीला बैल, गाई, म्हशी, शेळ्यामेंढ्या उभ्या असतात, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचा लिलाव होतो, आणि आडते, हमाल, तोलणार यांच्या गजबजाटात खेड, आंबेगाव, शिरूर, मावळ या तालुक्यांतील शेतकरी आपल्या वर्षाच्या कष्टाचा भाव ऐकतात. किलोमागे रुपया-दोन रुपयांच्या फरकाने मुलीचे लग्न पुढे ढकलले जाते किंवा विहिरीचे काम सुरू होते. शाइस्ताखानाने चाकण घेतले, ते दाणावैरणीच्या वाटेसाठी. ती दाणावैरण पिकविणारा आणि विकणारा मनुष्य इतिहासग्रंथांत क्वचितच येतो. चाकणच्या बाजारात मात्र तो आजही समोर उभा राहतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाटेने पुन्हा चाकणकडे मोर्चा वळविला. पवनेच्या खोऱ्यात पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. आणि तेथील जागा पुरेनाशी झाली, तेव्हा उद्योगांनी इंद्रायणी ओलांडली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बजाजचा मोटारसायकलींचा कारखाना, २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ, त्यापाठोपाठ महिंद्रा, आणि या मोठ्यांभोवती सुटे भाग बनविणारी शेकडो युनिटे महाळुंगे, इंगळे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांच्या शिवारांत उभी राहिली. ज्या बांधांवर हरभरा आणि भुईमूग होत असे, तेथे कुंपणे आली. काही शेतकऱ्यांनी मोबदल्यातून चाळी बांधल्या, ट्रक घेतले. काहींचा पैसा आला तसा गेला आणि मुले ठेकेदाराकडे रोजंदारीवर लागली. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेले कामगार दहा बाय दहाच्या खोल्यांत राहू लागले, आणि पाळी सुटल्यावर तळेगाव चौक व आंबेठाण चौक येथे अवजड वाहनांच्या रांगांत गाव तासन्‌तास अडकू लागले. जुन्या दोन वाटांचा छेद आजही तोच आहे. त्यावरील भार मात्र त्या वाटा आखणाऱ्यांच्या कल्पनेपलीकडचा आहे.

एवढी उलाढाल होत असता २०१५ पर्यंत चाकणचा कारभार ग्रामपंचायतीकडेच होता. त्या वर्षी नगरपरिषद स्थापन झाली. इतिहासाच्या दृष्टीने मला ही घटना साधी वाटत नाही. बीदरने चाकण घेतले, जुन्नरने घेतले, दिल्लीने घेतले, पुण्याने घेतले, इंग्रजांनी घेतले. प्रत्येकाला येथला रस्ता, तट किंवा महसूल हवा होता आणि निर्णय नेहमी दूरच्या राजधानीत झाले. कारखान्यांच्या जागाही मुंबईच्या मंत्रालयात ठरल्या. आता मात्र पिण्याचे पाणी, गटारे, कचरा, रस्ते, घरांची परवानगी यांविषयी विचार करण्याचा अधिकार, मर्यादित का होईना, चाकणच्या मतदारांनी निवडून दिलेल्या माणसांकडे आला आहे, आणि त्या मतदारांत मूळचे चाकणकर आहेत तसेच लातूरहून आलेला जोडारीही आहे.

या अधिकाराची कसोटी कोठे लागेल, हे किल्ल्याकडे पाहिल्यास कळते. संग्रामदुर्गाचे, म्हणजे चाकणच्या या किल्ल्याचे, तट आता तुकड्यातुकड्यांनी उरले आहेत. खंदकाच्या खुणा कोठे दिसतात, कोठे वस्तीने बुजल्या आहेत. काही बुरुजांची डागडुजी झाली आहे, बरेच काही हरवले आहे. तटाची मूळ रेषा मोजून तिचा नकाशा प्रसिद्ध करणे, सुरुंगाने उडालेल्या ईशान्य बुरुजाची जागा निश्चित करून तेथे त्या वेढ्याची हकीकत शाळकरी मुलांना समजेल अशा मराठीत कोरून लावणे, चक्रेश्वराच्या वराहमूर्तीला ऊनपावसापासून छाया देणे, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात व भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात या तर्फेचे जे कागद असतील त्यांच्या नकला गावच्या ग्रंथालयात आणून ठेवणे, ही कामे कोणत्याही मोठ्या निधीवाचून होऊ शकतील अशी आहेत. ती केली, तर निघोज्याच्या कारखान्यात काल रुजू झालेल्या तरुणालाही आपण कोणत्या भूमीवर उभे आहो, हे समजेल. आणि ज्याला आपल्या गावाची ओळख पटते, तो त्याच्या पाण्याविषयी, रस्त्याविषयी आणि झाडांविषयी हक्काने बोलू लागतो. फिरंगोजींच्या मूठभर माणसांनी, कुमक येणार नाही हे ठाऊक असूनही, आपल्या तटामागे दुसरा बांध आधीच घालून ठेवला होता. चाकणच्या नगरपरिषदेनेही उद्याचे संकट दारी येण्यापूर्वी तसाच विचार करावा. तिच्याकडे आज जो अधिकार आहे, तो या कसब्याला साडेपाचशे वर्षांत कोणी दिला नव्हता.